आधी पू, मग हाड, मग घोटा

आलेलं पत्र थोडं कमी करून देतोय. नावं आणि हॉस्पिटलांचे उल्लेख काढले आहेत.

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. माझे मिस्टर नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत, वय 46. गेल्या जुलैत सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना पावसात बाईक घसरली. डाव्या नडगीचं हाड घोट्याच्या चार-पाच बोटं वर मोडून बाहेर आलं, घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाडही मोडलं. त्याच रात्री एका खासगी हॉस्पिटलात जखम धुतली, चार दिवसांनी नडगीत रॉड आणि घोट्याला प्लेट टाकली. दिवाळीपर्यंत सगळं छान चाललंय म्हणत होते. संक्रांतीच्या सुमाराला नडगीवर पुळी आली, फुटली, आणि तेव्हापासून त्या भोकातून रोज थोडं पाणी येतं. गोळ्या घेतल्या की आठ दिवस थांबतं, मग परत सुरू. आता दहा महिने झाले. वॉकरशिवाय चालता येत नाही. पायाची बोटं हलतात, चिमटा काढला तर कळतो, पण घोटा जवळजवळ हलत नाही. नव्या एक्स-रेत रॉडचा खालचा स्क्रू तुटलेला दिसतो. पहिले डॉक्टर म्हणतात, अजून तीन महिने थांबा, हाड भरेल. दुसरे म्हणतात, सगळं लोखंड काढून रिंग लावावी लागेल. तिसरे म्हणाले, घोटा गेलाय, तो जाम करावा लागेल. सासूबाई म्हणतात, मुळशीकडच्या हाडवैद्याकडे चला. ह्यांना शुगर आहे, तंबाखूही आहे. साडेचार लाख गेले. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात, पण घाईत आम्ही तिकडे गेलोच नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न ठरलंय. कोणाचं ऐकू? आणि खरं सांगा, पाय कापायची वेळ येईल का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो डोक्यात असताना बाकीचं काही वाचून डोक्यात शिरत नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून आज पाय कापायचं काही कारण मला दिसत नाही. बोटं हलतायत, चिमटा कळतोय, म्हणजे नसा शाबूत आहेत. पावलाचा रक्तपुरवठा ठीक आहे का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी नाडी बघून सांगावं, शुगर आहे म्हणून गरज वाटली तर डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून. तो ठीक असेल तर हा पाय वाचवण्यासारखा आहे. काही पेशंटचा पाय शेवटी गुडघ्याखाली काढावा लागतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण ती वेळ बहुतेकदा येते ती अर्धवट ऑपरेशनं एकामागून एक होत गेल्यावर. म्हणून पुढचं ऑपरेशन नीट आखून व्हावं यासाठी हे एवढं लांब उत्तर लिहितोय.

आता तीन डॉक्टरांचं. तुम्हाला वाटतंय की ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत. मला पत्रातून दिसतं ते असं, की तिघं तीन वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल बोलतायत. पहिले बघतायत ते न जुळलेलं हाड, दुसरे बघतायत तो पू, तिसरे बघतायत तो घोटा. तुमच्या मिस्टरांना तिन्ही आहेत. तिन्हींवर इलाज आहेत, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की वर्ष फुकट जातं. आधी पू, मग हाड, घोटा सगळ्यात शेवटी.

नडगीच्या हाडाबद्दल थोडं समजून घ्या, म्हणजे असं का झालं ते कळेल. स्वतःच्याच नडगीवरून गुडघ्यापासून घोट्याकडे बोट फिरवून बघा. आतल्या बाजूला बोटाखाली थेट हाड लागतं, मध्ये फक्त कातडी. मागच्या बाजूला पोटरीचं मांस आहे, पण तेही खाली येता येता संपतं आणि घोट्याच्या वर नुसत्या दोऱ्या उरतात. मोडलेलं हाड जुळायला जे रक्त लागतं, त्यातलं बरंचसं भोवतालच्या मांसातून येतं. शरीरातल्या मोठ्या हाडांमध्ये नडगीचा खालचा तिसरा भाग या बाबतीत सगळ्यात गरीब. त्यात तुमच्या मिस्टरांचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यात. अशा मोडीत उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही काही जणांना पू होतो, काही जणांचं हाड अडून बसतं. हे मी कोणाची बाजू घ्यायला सांगत नाहीये. तुमच्या पत्रात ओळीओळीतून "आमचंच काहीतरी चुकलं" असं डोकावतंय, म्हणून सांगतोय.

अजून तीन महिने थांबायचं का? एरवी हा सल्ला वाईट नसतो. नडगी सावकाश जुळते, सहा-सात महिने लागलेले पेशंट रोज दिसतात. पण नऊ महिने उलटूनही हाड जुळलेलं नाही आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच प्रगती नाही, याला आम्ही साधारणपणे "हाड आता आपणहून जुळणार नाही" असं धरतो. तुमचे दहा झालेत. त्यात स्क्रू तुटलाय. लोखंडाची तार उलटसुलट वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसंच आतल्या धातूचं होतं. हाड जुळलं तर भार हाड घेतं. नाही जुळलं तर प्रत्येक पावलाला धातू वाकतो आणि कधीतरी तुटतो. आज स्क्रू गेला, उद्या रॉड जाऊ शकतो, आणि तुटलेल्या रॉडचा खालचा तुकडा काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. शिवाय पू चालू असताना नुसतं थांबून काही साधत नाही. म्हणून पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मला इथे पटत नाही.

पुवाचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथे आहे.

भोकातून येणारं ते पाणी कातडीतलं नाही. ते बहुतेक हाडापासून किंवा रॉडपासून येतंय. धातूवर जंतू बसले की स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात आणि त्या थराखाली औषध धड पोचत नाही. गोळी घेतली की बाहेरचे जंतू मरतात, आठ दिवस कोरडं राहतं, आतले जागेवरच असतात. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. आणि दर वेळी वेगळी गोळी दिली की उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. म्हणून ताई, केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणणं आजपासून बंद. आठवडाभर बरं वाटतं खरं, पण पुढच्या ऑपरेशनची सगळ्यात मोठी अडचण त्यातूनच तयार होते.

कोणी भोकावर कापसाची काडी फिरवून "कल्चर" (कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी) पाठवलं असेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नका. त्यात कातडीवरचे जंतू येतात, हाडातले येतीलच असं नाही. खरं कल्चर ऑपरेशनच्या टेबलावर होतं. हाडाजवळून, रॉडजवळून, वेगवेगळ्या जागांवरून, दर वेळी स्वच्छ हत्याराने निदान पाच तुकडे घ्यायचे. एक-दोन तुकडे पॅथॉलॉजीला, आणि आपल्याकडे टीबीची तपासणीही सोबत करून घ्यावी. त्याआधी शक्य असेल तर दोन आठवडे सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या थांबवायच्या, नाहीतर जंतू असूनही कल्चर कोरं येतं. गोळ्या थांबवल्यावर पाणी वाढेल, घाबरू नका. मात्र ताप भरला किंवा पाय लालभडक झाला तर तो नियम लगेच मोडायचा. सर्जनला हे आधीच विचारा, "गोळ्या किती दिवस आधी थांबवू आणि किती तुकडे पाठवणार?" ज्यांना या कामाची सवय आहे त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्या करतील. ते वाढलेले असले तर उपयोगी, पण नॉर्मल आले म्हणून पू नाही असं समजायचं नाही. भोक वाहतंय हाच सगळ्यात मोठा पुरावा.

पहिल्या ऑपरेशनमध्ये काय होईल? रॉड, तुटलेला स्क्रू आणि बहुतेक प्लेटही काढतील. मग मेलेलं हाड आणि सडलेलं मांस कापून काढतील, थेट ताजं रक्त येणाऱ्या हाडापर्यंत. इथे हात आखडता घेतला तर सगळं परत येतं. त्यामुळे बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "तीन-चार सेंटिमीटर हाड काढावं लागलं," तर ते ऐकून खचू नका. किती काढलं यापेक्षा मेलेलं काही मागे राहिलं का, हा प्रश्न मोठा. रिकाम्या जागेत अँटिबायोटिक मिसळलेलं बोन सिमेंट भरतात, म्हणजे औषध जागच्या जागी जास्त प्रमाणात मिळतं. नडगीवरची कातडी पुरली नाही तर प्लास्टिक सर्जन पोटरीतून किंवा दुसरीकडून मांस आणून झाकतील. हे झाकणं वेळेत झालं पाहिजे, उघडं हाड वाळतं आणि मरतं. म्हणून जिथे हाडांचे आणि प्लास्टिकचे सर्जन एकत्र बसून ठरवतात अशीच जागा निवडा.

नंतर साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक, कल्चरमध्ये आलेल्या जंतूनुसार. सगळे आठवडे सलाईनमधूनच द्यायला हवं असं नाही. ब्रिटनमध्ये हाडांच्या पुवावर मोठा अभ्यास झाला, 2019 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातच योग्य गोळ्यांवर आणलेले पेशंट इंजेक्शनवाल्यांइतकेच बरे झाले. जंतूला चालणारी गोळी असली पाहिजे, ही अट. पण तुमच्या खर्चात यामुळे बराच फरक पडू शकतो, म्हणून विचारून घ्या.

मग राहिलेली फट भरायची. याच्या दोन मोठ्या रीती आहेत. एक फ्रेंच सर्जन मास्केले यांची. सिमेंटचा गोळा सहा ते आठ आठवडे आत ठेवला की त्याभोवती शरीर एक पातळ पडदा तयार करतं. मग तो पडदा जपून उघडायचा, सिमेंट काढायचं आणि कंबरेच्या हाडातून काढलेला चुरा आत भरायचा. पडद्यात रक्तवाहिन्या असतात, चुरा विरघळून न जाता हाड होतो. दोन ऑपरेशनं लागतात आणि कंबर काही आठवडे पायापेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगून ठेवतो.

दुसरी रीत म्हणजे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली रिंग. ही सैबेरियातल्या कुर्गान शहरातल्या गाव्रील इलिझारोव्ह यांची. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचा उंच उडीतला सुवर्णपदक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल याचा पाय पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात मोडला, ऑपरेशनांमागून ऑपरेशनं होऊनही जुळेना. शेवटी तो कुर्गानला गेला आणि पुढे पुन्हा उडी मारू लागला. तुमच्या मिस्टरांना ही गोष्ट जरूर सांगा. त्यांचाही पाय मोटरसायकलनेच मोडलाय, आणि फिटर माणसाला हे यंत्र आमच्यापेक्षा लवकर कळेल.

यंत्र असं असतं. पायाभोवती धातूच्या तीन-चार कड्या, कड्यांमधून ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार, आणि कड्या एकमेकींना जोडणारे आट्यांचे दांडे. फट भरायची असेल तर वरच्या निरोगी भागात हाड जपून कापतात. पाच-सात दिवस थांबून मग नट फिरवायला सुरुवात. दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. मधला तुकडा हळूहळू खाली सरकतो आणि त्याच्या मागे नवं हाड धरत जातं. फट चार सेंटिमीटरची असेल तर सरकवायलाच चाळीस दिवस. पण रिंग तेव्हा निघत नाही, ते नवं हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट आणि कधी त्याहून जास्त वेळ जातो. एका सेंटिमीटरमागे दीड महिना धरून चाला, म्हणजे मनाची तयारी राहील. नट घरीच फिरवायचा असतो, आणि तो बहुतेक घरांत बायकोच फिरवते. डिस्चार्जच्या आधी वॉर्डमध्ये सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने फिरवून दाखवा. कुठल्या बाजूला, किती खूण, हे भिंतीवर कागद लावून लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी टिक करा.

तारा जिथे कातडीत शिरतात तिथे थोडं पाणी येणं, लाली येणं हे जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतं. ती जागा शिकवल्याप्रमाणे रोज स्वच्छ करायची, खपली खरवडायची नाही. लाली वाढली, तार हलायला लागली, तर फोन करायचा. रात्री झोप लागत नाही, पँट घालता येत नाही, नातेवाईक येऊन यंत्राकडे टक लावून बघतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस चिडचिडा होतो, रडतोही. ते दुखण्याचाच भाग आहे, त्यांच्यावर आणि स्वतःवर रागावू नका.

मोठी जमेची बाजू अशी, की बहुतेक रिंगमध्ये पायावर भार टाकून चालता येतं, उलट चालणं हेच औषध असतं. म्हणून लग्नाचं विचारलंत त्याचं उत्तर: तुळशीच्या लग्नानंतर रिंग बहुधा पायातच असेल, पण वॉकर घेऊन मांडवात उभं राहता यायला हवं. कन्यादानाला पाटावर बसता येणार नाही, शेजारी खुर्ची टाका, गुरुजी समजून घेतात. लग्नासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका आणि ऑपरेशनसाठी लग्नही नको.

मास्केले की रिंग, हे मी इथून ठरवत नाही. फट किती, कातडी कशी, पू किती जुना, आणि मुख्य म्हणजे त्या सर्जनचा हात कशावर बसलाय, यावर ते ठरतं. बारीक फट असेल तर कधी पाय थोडा आखूड ठेवून टोकाला टोक मिळवतात आणि चपलेला उंची देतात. दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत माणूस त्यात चांगला चालतो.

आता घोटा. तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं कदाचित पुढे खरं ठरेल, पण आज ते ऑपरेशन करायची वेळ नाही. घोटा हलत नाही याचा अर्थ तो गेला असा होत नाही. दहा महिने भार नाही, सूज, आत पू, व्यायाम बंद, यात चांगला घोटाही आखडतो. तो खरंच झिजलाय का आणि हाड वाकडं जुळलंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाहेरचं हाड थोडं आखूड किंवा पिळवटून जुळलं असेल तर घोट्यातलं मधलं हाड बाहेर सरकतं. 1976 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं होतं की ते नुसतं एक मिलिमीटर सरकलं तरी सांध्यातला टेकायचा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो. उरलेल्या जागेवर सगळा भार येतो आणि कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजत जाते. गुडघा बहुतेकांचा वयाने झिजतो, घोटा मात्र बहुतेकदा जुन्या मोडीमुळे झिजतो. म्हणून दोन्ही घोट्यांचा एकत्र सीटी स्कॅन करायला सांगा, म्हणजे चांगल्या पायाशी ताडून बघता येईल. आणि भार टाकता येऊ लागला की उभं राहून एक्स-रे. झोपून काढलेल्या एक्स-रेत हे सरकणं लपतं.

कुर्चा शिल्लक असेल तर हाड परत कापून लांबी आणि पीळ नीट करता येतो, आणि 46 व्या वर्षी त्यासाठी प्रयत्न करणं योग्य आहे. कुर्चा संपली असेल आणि दुखणं सोसवत नसेल, तर घोटा जाम करणं, म्हणजे त्या सांध्याची हाडं एकमेकांना कायमची जोडणं, हे चांगलं ऑपरेशन आहे. नाव ऐकायला वाईट वाटतं. पण दुखणं जातं, माणूस सपाट रस्त्यावर जवळजवळ सरळ चालतो, मशिनसमोर उभा राहतो. काय जातं तेही ऐका. उकिडवं बसणं जातं, म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास बदलावा लागेल. चढ-उतार अवघड जातो, सिंहगड विसरावा लागतो. डावा पाय आहे, बाईकचा गिअर घोट्यानेच पडतो, तेव्हा पुढे बिनगिअरची स्कूटर बरी. आणि काही वर्षांनी शेजारच्या सांध्यांवर ताण येतो. कृत्रिम घोटा बसवायचा कोणी सुचवलं तर हाडात पू होऊन गेलाय हे आधी सांगा. या वयात, उभ्याच्या कामात आणि पुवाच्या इतिहासात मी तो सुचवणार नाही. सध्या घोट्यासाठी एकच काम, पाऊल खाली लोंबकळू द्यायचं नाही. टॉवेलने पंजा आपल्याकडे ओढायचा, दिवसातून अनेकदा. रिंग लागली तर पावलालाही आधार द्यायला सांगा.

तंबाखूबद्दल कडक बोलतोय, माफ करा. विडी-सिगारेट नाही, नुसती चुना-तंबाखू आहे म्हणून चालेल असं नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नडगीत आधीच रक्ताची चणचण. मिस्टरांना माझ्या शब्दांत सांगा की दोन-चार लाखांचं ऑपरेशन आणि डबीतली तंबाखू या दोन गोष्टी एकत्र करता येणार नाहीत. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद आणि हाड जुळेपर्यंत बंद. नुसतं सांगून सुटत नाही हे मला माहीत आहे. सरकारची क्विटलाइन आहे, 1800-11-2356, मराठीतही बोलतात. एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासा, साडेसातच्या आसपास किंवा खाली आणून मगच ठरवलेल्या ऑपरेशनला जा. ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर भरून काढा. जेवणात प्रथिनं वाढवा, अंडी चालत असतील तर रोज दोन, नाहीतर डाळ, उसळ, पिठलं, दही, पनीर. रोज दुखणं मारायच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

हाडवैद्याचं म्हणाल तर सासूबाईंची तळमळ खोटी नाही, त्यांच्या काळात तोच आधार होता. पण वाहत्या भोकावर लेप आणि तुटलेल्या स्क्रूवर चोळणं, हे मी कोणालाही करू देणार नाही. त्यांना असं सांगा की पायाला हात लावायचा नाही, जेवणाचं तुमच्याकडे. हे काम त्या कोणाहीपेक्षा चांगलं करतील.

पैशांचं आता. ईएसआयकडे उद्याच जा. कामावरून घरी येतानाचा अपघात, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला तर, कामावरचीच इजा धरला जातो आणि कामावर जाता न आलेल्या काळासाठी पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळू शकते. शिफ्टची हजेरी, पहिल्या रात्रीचा केसपेपर आणि पोलिसांत नोंद असेल तर ती, हे कागद महत्त्वाचे. ते नाकारलं गेलं तरी दीर्घ आजारांच्या त्यांच्या यादीत न जुळलेलं हाड आणि उघड्या मोडीनंतरचा जुना हाडाचा पू आहे. तिथे नोकरीची सलगता आणि हप्त्यांची अट बघून 80 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. उशीर झालाय हे खरं, म्हणून वर्कशॉपच्या मालकांना सोबत घेऊन जा. तिथे नाहीच जमलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. आणि पुण्यातल्या धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, काउंटरवर विचारून परत येऊ नका.

पहिल्या हॉस्पिटलवर केस करायची का, हे पत्रात नाही, पण शेजारीपाजारी सांगत असतील. आत्ता ते ठरवू नका. कागद मात्र आत्ताच मागा. लेखी अर्ज दिल्यावर 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ऑपरेशनची नोट, रॉड आणि प्लेटचे स्टिकर, डिस्चार्ज कार्ड, आणि अपघाताच्या रात्रीपासूनचे सगळे एक्स-रे. भांडणासाठी नाही तरी पुढच्या सर्जनला हे लागतंच. कोणत्या कंपनीचा रॉड आहे हे कळलं तर तो काढायची बरोबर हत्यारं आधीच मागवता येतात, नाहीतर टेबलावर तास जातात.

हे सगळं घेऊन जिथे पुवाची आणि न जुळलेल्या हाडांची ऑपरेशनं नेहमी होतात अशा युनिटमध्ये दाखवा. ससूनच्या ऑर्थोपेडिक विभागातही जाऊ शकता. गर्दी असते, सकाळी लवकर जा. "पुढच्या वर्षभराचा तुमचा बेत काय?" असं विचारा. पू, मग हाड, मग घोटा, असा टप्प्याटप्प्याचा बेत जे सांगतील, पहिला टप्पा फसला तर काय करू हेही सांगतील, त्यांच्याकडे थांबा. फक्त पुढच्या मंगळवारची तारीख देतील तर अजून एक मत घ्या.

तोपर्यंत भोकावर कोरडी स्वच्छ पट्टी, रोज बदलायची, हात धुऊन. वॉकर सोडायचा नाही, तुटक्या स्क्रूवर पूर्ण भार नको. घाई नाही, पण काही गोष्टींना वाट बघायची नाही: थंडी वाजून ताप, पायाची लाली वर चढत जाणं, पाणी जाऊन दाट घाणेरडा पू किंवा रक्त येणं, पाय अचानक वाकणं किंवा आत "कट" असा आवाज, पोटरी एकाएकी सुजून दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी, आणि दम लागला असेल तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा.